ह्यूमसाहेबांच्या कागदांत पणजोबा सापडतील का?

प्रश्न : माझे पणजोबा अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या शाळेत मास्तर होते. घरात अजून ‘ह्यूमसाहेबां’चं नाव निघतं. साहेबांचे कागद अमेरिकेत जपून ठेवलेत म्हणे. त्यांत पणजोबांचा पत्ता लागेल का? — एक वाचक, पुणे

उत्तर : लागू शकेल. मात्र कागद दोन ठिकाणी आहेत. मिशन चालवणाऱ्या बोर्डाचा दप्तरी पत्रव्यवहार हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहे आणि ह्यूम कुटुंबाचे कागद येल विद्यापीठाच्या डिव्हिनिटी (धर्मशास्त्राच्या) ग्रंथालयात. मी तुमच्या जागी असते तर येलपासून सुरुवात केली असती. बोर्डाला पाठवलेल्या अहवालात शाळा किती, मुलं किती एवढंच येतं; मास्तर आजारी पडले, त्यांच्या घरी बाळ झालं, हे माणूस घरच्यांनाच कळवतो.

आणि या घराण्यातली माणसं तर कायम एकमेकांपासून दूरदेशी. रेव्हरंड रॉबर्ट ॲलन ह्यूम यांचा जन्म १८४७चा, मुंबईतला. मिशनरी वडील १८५४मध्ये मायदेशी परतताना समुद्रातच वारले. आईनं मुलांना अमेरिकेत वाढवलं आणि मुलगा १८७४मध्ये पुन्हा इकडेच, नगरला आला. नगरला जन्मलेला त्याचा मुलगा एडवर्ड पुढे चीनमध्ये चांगशाला डॉक्टर झाला.

१८८६च्या सुमाराचे कागद मात्र चुकवू नका. ख्रिस्ताचं नाव न ऐकता मेलेल्यांना मृत्यूनंतरही तारणाची संधी मिळत असेल, या विचाराच्या बाजूनं ह्यूम अमेरिकेत बोलले आणि बोर्डानं त्यांचं हिंदुस्थानात परतणं अडवून धरलं. ‘आमच्या वाडवडिलांचं काय?’ हा नगरकडच्या माणसांचा प्रश्न त्यांनी मनाला लावून घेतला होता. मला हा माणूस आवडतो तो यासाठी.

शोधताना जुनी स्पेलिंगं घ्या : नगरचं ‘अहमदनग्गर’, शिरूरचं ‘सिरूर’. आडनाव बहुतेक वेळा नसतंच, नुसतं ‘हरिपंत’ असं असतं. म्हणून पणजोबांचं पाळण्यातलं नाव, गाव आणि नोकरीची वर्षं आधी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून लिहून घ्या आणि मगच ग्रंथालयाला ई-मेल करा.

घरात त्यांचं पत्र किंवा दाखला असेल तर लॅमिनेट करू नका. माझ्या आजीचं एकुलतं एक पत्र मी हौसेनं करून घेतलं. उष्णतेनं शाई फाकली, आणि आता ते प्लास्टिक काढताही येत नाही.