बंद दगडखाणीचं पाणी आरओ लावून प्यायला चालेल का?

पुण्याजवळच्या वाघोलीत घर बांधताय, शेजारच्या बंद दगडखाणीत मे महिन्यातही पाणी असतं आणि आरओ लावला की ते प्यायला चालेल का, असं विचारलंय तुम्ही. शुद्ध करून वापराला घ्या. प्यायला नको.

भोसरीत 26 वर्षं कंपनीचा ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्रकल्प, चालवलाय, त्यामुळे हा विषय निघाला की माझं डोकं फिरतं. आमची सोसायटीही त्याच भागात. 2021 ला गाव महापालिकेत गेलं, टँकर काही सुटला नाही. एका उन्हाळ्यात टँकर खाणीतून भरून यायला लागले. चेअरमननी सभेत बादलीत टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं यंत्र, बुडवला. लिटरला 240 मिलिग्रॅम. "मर्यादा 500 ची आहे, काका उगाच घाबरवतात." लोक हसले.

अहो, तो मीटर पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून क्षारांचा अंदाज सांगतो. वरच्या वस्तीचं सांडपाणी खाणीत उतरतंय का, हे त्याला काय कळणार? मी एचटूएस चाचणीच्या तीन बाटल्या आणल्या, त्यात सांडपाण्यातले जंतू असलेलं पाणी काळं पडतं. एकीत टँकरचं पाणी, दुसरीत खालच्या टाकीचं, तिसरीत आरओच्या नळाचं. पहिल्या दोन सकाळपर्यंत काळ्याकुट्ट. तिसरी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. आरओ जंतू अडवतो हे खरंय, पण मेंब्रेनचं, म्हणजे त्यातल्या गाळणाऱ्या पडद्याचं, सील गळत असेल किंवा पुढची साठवण टाकी घाण असेल तर तो काय करणार? तिन्ही बाटल्या चेअरमनच्या दारात ठेवून आलो. त्यांनी कचऱ्यात टाकल्या. शेवाळी पाण्याने तीन महिन्यांत मेंब्रेन चोंदलं, त्याची वर्गणी मात्र माझ्याकडूनही घेतली.

तर आधी जार टेस्ट करून, म्हणजे वेगवेगळ्या भांड्यांत कमी-जास्त तुरटी घालून बघून, तुरटीचं प्रमाण ठरवा, पाणी निवळू द्या, वाळूच्या फिल्टरमधून काढा, मग क्लोरीन. अर्धा तास थांबून नळाला लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम तरी क्लोरीन उरला पाहिजे. गढूळ पाण्यात थेट क्लोरीन ओतणं म्हणजे पैसे ओतणं. एवढं केलंत की फ्लश, बाग, धुणी सगळं भागतं.

कोळशाच्या खाणीची भानगड वेगळी. तिथे दगडात पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) असेल तर हवा-पाणी लागून आम्ल तयार होतं, लोह विरघळतं. मग चुना घालून पीएच वाढवायचा, म्हणजे आम्लता कमी करायची, हवा मारून लोहाचा गाळ बसवायचा. सल्फेट (गंधकाचा क्षार) तरीही बरंच उरतं, ते काढायला आरओ किंवा तसंच काही लागतं. आपला काळा पाषाण तसं आम्ल करत नाही.

हे सगळं खाणीत कुणी रसायनं किंवा कचरा टाकला नसेल तरच. टाकला असेल तर माझं वरचं विसरा. ते कळायला आधी एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी संस्था) मान्यतेच्या लॅबमधून जंतू, नायट्रेट आणि जड धातू तिन्ही तपासून घ्या. एकदा मे मध्ये आणि एकदा पावसाळ्यात. आमच्या चेअरमननी फाइलला फक्त क्षारांचा रिपोर्ट लावलाय, तोही ऑगस्टचा, पावसाने पाणी पातळ झाल्यावरचा.