वाचकांचे प्रश्न : बेटी होल्बर्टन आणि एनिॲक

प्रश्न : विज्ञान दिनासाठी आमच्या नववीच्या मुली एनिॲक या अमेरिकेतल्या सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक संगणकाविषयी तक्ता करत आहेत. 'बेटी होल्बर्टन यांनी एनिॲकचा प्रोग्राम लिहिला' हे वाचून एकीने विचारलं, "बाई, की-बोर्ड नव्हता, संगणकाची भाषा नव्हती, मग लिहिला कशावर?" काय सांगावं?
— एक शिक्षिका, रामबाग, इंदूर

उत्तर : कागदावर लिहिला आणि मग तारांनी जोडला. १९४५ मध्ये फिलाडेल्फियाच्या मूर स्कूल या अभियांत्रिकी संस्थेत, जिथे एनिॲक बांधला गेला, बेटी आणि त्यांच्या पाच सहकाऱ्यांना सुरुवातीला यंत्राच्या खोलीत जायची परवानगीही नव्हती. हाती फक्त सर्किटचे आराखडे होते. तेच वाचून त्यांनी यंत्र समजून घेतलं.

एनिॲकमध्ये ४० पॅनेल आणि १७ हजारांहून जास्त व्हॅक्यूम ट्यूब (विजेचा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या काचेच्या नळ्या) होत्या. त्यात २० ॲक्युम्युलेटर, म्हणजे संख्या साठवून तिच्यात बेरीज करणारे भाग, प्रत्येकात १० अंकी एक संख्या. मुलींना एकच बेरीज नीट दाखवा : पहिल्यातली संख्या दुसऱ्यात मिळवायची. पहिल्याच्या 'बाहेर' जाणाऱ्या खाचेतून अंकांची केबल दुसऱ्याच्या 'आत' येणाऱ्या खाचेत जोडायची. पहिल्यावरचा स्विच 'पाठव'वर, दुसऱ्यावरचा 'घे'वर ठेवायचा. मग 'आता सुरू' हा विजेचा ठोका दोघांनाही एकाच वेळी पोचेल अशी वेगळी तार ओढायची आणि काम झाल्यावर बाहेर पडणारा ठोका पुढच्या पायरीला जोडायचा. बेरीज सेकंदाच्या ५ हजाराव्या भागात व्हायची, पण जोडणीला कित्येक दिवस जात.

चुका कुठे होत, हेही तक्त्यावर यावं. ठोका एकालाच पोचला तर पाठवलेली संख्या कुणीच घेत नाही. पाठवून झाल्यावर ॲक्युम्युलेटर रिकामा करणारा स्विच लावायचा राहिला, तर जुनी संख्या तशीच राहते आणि पुढची तिच्यावर चढते. दोन्ही वेळा यंत्र थांबत नाही, फक्त उत्तर चुकतं. म्हणून आधी हाताने सोडवलेल्या गणिताशी प्रत्येक टप्पा ताडून पाहावा लागे.

१५ फेब्रुवारी १९४६ च्या जाहीर प्रात्यक्षिकाच्या आदल्या रात्री तोफगोळ्याच्या मार्गाचं गणित गोळा जमिनीवर पडल्यावरही चालूच राहिलं. एखादी पायरी किती वेळा करायची हे मोजणाऱ्या 'मास्टर प्रोग्रॅमर' पॅनेलवरचा एक स्विच चुकीच्या जागी होता. बेटींना तो रात्रीतून सुचला आणि सकाळी येऊन त्यांनी तो फिरवला. त्या संध्याकाळच्या मेजवानीला या सहाजणींना बोलावणं नव्हतं. हे वाक्य तक्त्यावर ठळक अक्षरात लिहावं असं आम्हाला मनापासून वाटतं.

प्रश्न : बेटी होल्बर्टन यांचा 'सॉर्ट-मर्ज जनरेटर' संगणकाशिवाय दाखवता येईल का?
— एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : येईल, आणि जरूर दाखवा. हा म्हणजे यादीचा क्रम लावणारे प्रोग्राम तयार करून देणारा प्रोग्राम. आमच्या मते त्यांचं सर्वांत मोठं काम हेच. १९५१ च्या सुमाराचं. युनिव्हॅक संगणकाची स्मृती अवघी १००० शब्दांची, एक शब्द १२ अक्षरांचा. मोठी यादी त्यात मावत नाही आणि चुंबकीय फीत ओळीनेच वाचावी लागते. म्हणून फितींवरचे क्रमाने लावलेले तुकडे एकमेकांत मिसळत न्यायचे.

गणेशोत्सवाच्या वर्गणीच्या १६ पावत्या घ्या, पिसा आणि ८-८ चे अ, ब असे दोन गठ्ठे करा. नियम एकच : प्रत्येक गठ्ठ्याची फक्त वरची पावती पाहायची. दोन्हींतली लहान क्रमांकाची आधी, मग दुसरी, अशी लावलेली जोडी क गठ्ठ्यात, पुढची जोडी ड मध्ये, पुन्हा क मध्ये. नवी पावती नेहमी गठ्ठ्याच्या तळाला. मग क आणि ड मधल्या जोड्या मिसळून चार-चारचे संच अ, ब मध्ये. त्यानंतर आठ-आठचे, शेवटी १६. चार फेऱ्यांत काम होतं.

हमखास चूक संचाच्या सीमेवर होते. एका गठ्ठ्यातला संच संपला की दुसऱ्यातला उरलेला संच आधी पूर्ण उतरवायचा असतो. मुलं तिथे पुढच्या संचाशी तुलना करू लागतात आणि क्रम मोडतो. दोन संचांमध्ये रंगीत कागदाची पट्टी घाला. पावत्या १३ असतील तर बिनजोडीचा संच तसाच पुढे न्या. प्रत्येक फेरीनंतर पावत्या मोजा, रकमेची बेरीज करा. ती बदलली तर कागद हरवला आहे.

आता 'जनरेटर'. एका मुलीला फक्त दोन गोष्टी सांगा : क्रम कोणत्या रकान्यावर लावायचा आणि चढता की उतरता. त्यावरून तिने वरच्या सूचनांचा कागद स्वतः भरून दुसऱ्या गटाला द्यायचा. बेटींचा प्रोग्राम हेच करायचा. फायलीचं वर्णन दिलं की क्रम लावणारा प्रोग्राम तो तयार करून द्यायचा.

प्रश्न : काही ठिकाणी बेटी जेनिंग्स, काही ठिकाणी बेटी स्नायडर. एकच का?
— एक विद्यार्थिनी, इंदूर

उत्तर : दोघी वेगळ्या. बेटी जीन जेनिंग्स पुढे जीन बार्टिक झाल्या, बेटी स्नायडर पुढे होल्बर्टन. उरलेल्या चौघी : के मॅकनल्टी, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान बिलास, रूथ लिक्टरमन. १९४६ च्या छायाचित्राखाली माहेरचीच नावं लिहा, कंसात पुढचं आडनाव द्या.