महापालिकेच्या अतिक्रमण विभागात आहे, कारवाईवरून धमक्या येतात. ठाण्यात पिस्तुलाचा परवाना मिळेल का?

मिळू शकतो, पण नुसत्या 'धमकी आली' एवढ्यावर नाही. मी ठाणे पोलिसांतून हवालदार म्हणून निवृत्त झालो, परवान्याच्या अर्जांची चौकशी बरीच वर्षं केली. पहिला प्रश्न ठरलेला: धमकीची नोंद कुठे आहे? बहुतेकांचं उत्तरही ठरलेलं, 'तोंडी दिली होती हो.' मग अहवालात आम्ही लिहायचं काय? तेव्हा आधी पोलीस ठाण्यात निदान एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, नोंदवा आणि तिची प्रत तुमच्या वरिष्ठांना द्या, पोच घेऊन.

ठाणे, कल्याण, भिवंडी, उल्हासनगर या पट्ट्यात परवाना पोलीस आयुक्त देतात. शहापूर-मुरबाडकडे राहत असाल तर जिल्हाधिकारी. वय २१ पूर्ण हवं, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला हवा. पोलीस अहवाल नियमाने ३० दिवसांत जायला हवा (हवा!). अर्ज फेटाळला तर कारण लेखी मागा, अपील करता येतं.

आता न विचारलेलं सांगतो. परवाना मिळाला, तर रिव्हॉल्व्हर कमरेला लावून हातगाड्या उचलायला जाणार का? ऑगस्ट २०२१ मध्ये कासारवडवलीला ठाणे महापालिकेच्या सहायक आयुक्त कल्पिता पिंपळे यांच्यावर फेरीवाल्याने चाकूने वार केले, त्यांची बोटं तुटली. अंगरक्षक सोबत होता, त्याचंही बोट गेलं. इतक्या जवळून वार होतो तेव्हा हत्यार काढायला सवड मिळत नाही. आणि काढलंच, तर भर बाजारात गोळी कुणाला लागेल याचा नेम नाही. स्वसंरक्षणाचा हक्क कायद्याने दिलाय, पण गरजेपुरतंच बळ वापरलं का, हे कोर्ट तपासतं. तोवर सरकारी नोकराची ४८ तासांहून जास्त कोठडी झाली की निलंबन आलंच. शिवाय निवडणूक लागली की बऱ्याच जणांना शस्त्र जमा करायला सांगतात.

माझं मत विचाराल तर अर्ज करायचा तर करा, पण खरा जोर बंदोबस्तावर लावा. प्रत्येक कारवाईआधी पोलीस ठाण्याला लेखी पत्र द्या, तारीख, वेळ, ठिकाण घालून. बंदोबस्त आला नाही तर कारवाई पुढे ढकला आणि कारण त्याच दिवशी वरिष्ठांना लेखी कळवा. उद्या परवान्याच्या चौकशीला माझ्यासारखा कुणी दारात आला, तर हीच पत्रं त्याच्यासमोर ठेवायची.