गाईडचा एच-इंडेक्स आणि बापाची एक्सेल शीट

पत्र : मी सांगलीला बँकेत कर्ज विभागात आहे. मुलगी एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे, आतापर्यंत ८१ टक्के. तिला न्यूरोसायन्समध्ये पीएच.डी. करायची आहे. तिने निवडलेल्या मॅडमची लॅब जेमतेम चार वर्षांची, एच-इंडेक्स (पेपरांना मिळालेल्या संदर्भांवरून काढलेला आकडा) ९. मी गूगल स्कॉलरवरून अकरा गाईडची एक्सेल शीट केली, त्यात एका सरांचा ५४ आहे. कर्ज देताना आम्ही सिबिल बघतो, मग इथे आकडा का बघू नये? शिवाय एक एजंट ४५ हजारांत इंटरव्ह्यूआधी तिच्या नावावर तीन पेपर छापून देतो म्हणतो. पाच हजार ॲडव्हान्स दिला आहे. बरोबर केलं ना?
— एक पालक

नाही, बरोबर केलं नाहीत. एजंटचं नंतर बोलू.

तुमच्या पत्रात अकरा गाईड आहेत, त्यांचे आकडे आहेत, टक्के आहेत, रुपये आहेत. मुलीला मेंदूतलं नेमकं काय शोधायचंय, हे मात्र कुठेच नाही. झोप? स्मृती? पार्किन्सन्स? त्या मॅडमच तिला का हव्यात, हे तुम्ही तिला विचारलंत तरी का? विचारलं असतंत तर पत्रात एखादी ओळ आली असती. पाच-सहा वर्षं रोज ज्या माणसासमोर उभं राहायचं, तो माणूस वडिलांनी शीट सॉर्ट करून निवडायचा? मुलगी एम.एस्सी. होतेय, तुम्ही अजून तिला बालवाडीत सोडायला निघाला आहात. आणि पाच-सहा वर्षांत एखादा प्रयोग आठ महिने चालून फसला, तर हे ती घरी सांगू शकेल का? मला भीती वाटते ती याची.

आता सिबिल. हप्ता थकला की सिबिल घसरतो. एच-इंडेक्स जवळजवळ कधीच घसरत नाही. होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये सुचवलेलं हे माप. ५४ याचा अर्थ, सरांच्या ५४ पेपरांचा प्रत्येकी किमान ५४ वेळा संदर्भ दिला गेला आहे. सरांनी उद्यापासून लॅबमध्ये पाऊल टाकलं नाही, तरी जुन्या पेपरांच्या जिवावर तो वाढत राहील. म्हणजे त्यात कामाइतकंच वयही मोजलं जातं. त्यात पन्नास लेखकांच्या पेपरमधलं मधलं नाव आणि दोघांनी रात्री जागून केलेला पेपर, दोन्ही सारखेच धरले जातात. नुसता आढावा घेणाऱ्या रिव्ह्यू पेपरला प्रयोगाच्या पेपरपेक्षा बहुधा जास्त सायटेशन्स, म्हणजे संदर्भ, मिळतात. आणि सायटेशन म्हणजे खरेपणाचा शिक्का नव्हे. अल्झायमर्समधल्या एका विशिष्ट प्रथिनावरचा २००६ चा ‘नेचर’मधला पेपर दोन हजारांहून जास्त वेळा उद्धृत झाला. त्यातल्या चित्रांत फेरफार असल्याचं निघालं आणि २०२४ मध्ये तो मागे घ्यावा लागला. तुमच्या शीटच्या हिशेबाने तो पहिल्या नंबरात बसला असता!

आकड्यांऐवजी पेपर उघडा. म्हणजे तुम्ही नका, तिला उघडू दे. जीवशास्त्रात पहिलं नाव सहसा प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं असतं आणि शेवटचं लॅबप्रमुखाचं. सरांच्या अलीकडच्या पेपरांत पहिली नावं विद्यार्थ्यांची आहेत का? ते विद्यार्थी किती वर्षांत सुटले, आज कुठे आहेत? अर्ध्यात किती सोडून गेले? हे सर सांगणार नाहीत, लॅबमधली मुलं चहाच्या टपरीवर सांगतात. मॅडमकडेही धोका आहेच. अजून कुणी पास होऊन बाहेर पडलेलं नसेल, ग्रँट, म्हणजे संशोधनाचा निधी, किती वर्षांची उरली आहे हेही विचारायला हवं. पण नव्या लॅबमध्ये गाईड स्वतः शेजारी बसून मायक्रोस्कोप शिकवते. ५४ वाल्या सरांची भेट कदाचित महिन्यातून एकदा होईल. मी तिच्या जागी असतो तर मॅडमकडेच गेलो असतो.

सीएसआयआर-नेट, गेट, टीआयएफआरची जीवशास्त्रासाठीची जेजीबिल्स (JGEEBILS), या परीक्षांचे मार्ग तिला माहीत असतीलच. जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) मिळाली तर महिना ३७ हजार आणि घरभाडं भत्ता, त्यामुळे पैशांसाठीही ती तुमच्यावर अवलंबून राहणार नाही.

राहिला एजंट. नावावर पेपर असल्याशिवाय पीएच.डी.ला घेत नाहीत, हे तुम्हाला त्यानेच सांगितलं असणार. तसं काही नसतं. यूजीसीने तर २०२२ च्या नियमांत प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापण्याची सक्तीही काढली. इंटरव्ह्यूत समोरचे लोक बायोडेटातल्याच पेपरवर बोट ठेवतात : हा आलेख कसा काढला, तुलनेसाठी कंट्रोल काय होता? न केलेल्या कामाचं उत्तर ती कुठून देणार? आणि नाव एकदा छापलं गेलं की पुसता येत नाही, गूगल स्कॉलरवर ते तिच्यामागे येत राहील.

पाच हजार बुडाले तर बुडू देत. पण आजच त्याला ईमेल करा की मुलीचं नाव कुठल्याही पेपरवर टाकायला आमची परवानगी नाही, आणि त्याची प्रत मुलीकडे द्या. पाठवण्याआधी हे सगळं तिला सांगा. तिला एजंटबद्दल माहीत असेल असं तुमच्या पत्रावरून वाटत नाही.