फ्रिजच्या दारातलं इन्सुलिन

*"माई, हे फेब्रुवारीत गेले. बावीस वर्षांची शुगर. फ्रिजच्या दारात इन्सुलिनच्या पेनात घालायच्या पाच न फोडलेल्या कार्ट्रिज आहेत, कपाटात शुगर तपासायच्या स्ट्रिप्सचे तीन डबे, सुया, ग्लुकोमीटर. एप्रिलमध्ये महिनाभर लेकीकडे ठाण्याला होते, मेन स्विच बंद करून गेले होते. कामाच्या मावशींच्या नवऱ्यालाही शुगर आहे, त्याला द्यावं म्हणते. मुलगा म्हणतो फेकून दे, जाऊबाई म्हणतात त्यांच्या नावानं गंगेत सोड. काही सुचत नाही."* (एक वाचक, सिडको, नाशिक)

ताई,

पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात. मेन स्विच.

सीलबंद इन्सुलिनला २ ते ८ अंशांचा गारवा लागतो, तरच त्यावरची एक्स्पायरी खरी. बाहेर राहिलं तर बहुतेक इन्सुलिन चार आठवडे टिकतं, तेही साधारण ३० अंशांच्या आत. नाशिकचा एप्रिल आणि बंद घर, म्हणजे त्या कार्ट्रिज कधीच कामातून गेल्या. दूध नासलं की वास येतो. हे मात्र बिघडलं तरी बहुधा पहिल्यासारखंच दिसतं, म्हणून तर भीती.

मावशींच्या नवऱ्यानं ते टोचलं तर शुगर उतरणार नाही. डॉक्टर डोस वाढवतील. मग कधीतरी चांगलं इन्सुलिन त्याच वाढीव डोसनं जाईल आणि शुगर एकदम कोसळेल. शिवाय तो बाटलीतलं ४०चं, म्हणजे एका मिलीत ४० युनिटवालं, घेत असेल तर घोळ आणखी वाढतो. कार्ट्रिजमध्ये १००चं असतं. ४०च्या सिरिंजनं ते ओढलं की अडीचपट डोस जातो. तुमच्या मनातल्या दानाला मी नावं ठेवत नाही, पण हे दान नको. त्यांचं इन्सुलिन त्यांच्याच डॉक्टरांनी ठरवावं. खर्चाची अडचण असेल तर मावशींना त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये पाठवा, जुन्या कागदांसकट.

जाऊबाईंना दुखवू नका, पण गंगेतही नको. त्यांच्या अस्थी आणि काचेच्या कार्ट्रिज या दोन गोष्टी एक नाहीत, एवढंच सांगा.

मुलाचं 'फेकून दे' निम्मं बरोबर आहे. घंटागाडीवरची माणसं पिशवी हातानं उपसतात, सुई त्यांच्या बोटात जाते. वापरलेल्या सुयांना टोपण परत घालायला जाऊ नका, तेव्हाच टोचतं. फिनेलच्या जाड रिकाम्या बाटलीत सगळ्या टाका, झाकण घट्ट लावून चिकटपट्टी मारा, वर मोठ्या अक्षरात 'सुया' लिहा. कार्ट्रिज वेगळ्या पिशवीत. दोन्ही घेऊन यांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात जा. त्यांचा असला कचरा न्यायला वेगळी गाडी येते, त्यात घ्याल का म्हणून विचारा. नाहीच म्हणाले तर घंटागाडीवाल्याच्या हातात वेगळं द्या, आत काय आहे ते तोंडी सांगून. २०१६ च्या घनकचरा नियमांत सुया आणि जुनी औषधं घरातला घातक कचरा म्हणूनच धरली होती, आजही ओल्या-सुक्यात मिसळायची नाहीत.

इन्सुलिनचं पेन कुणालाही देऊ नका. सुई बदलली तरी आधीच्या माणसाचं रक्त आत गेलेलं असू शकतं. बोटाला टोचायचं यंत्रही त्याच हिशेबात.

स्ट्रिप्सच्या डब्यावर किती अंशांपर्यंत चालतात ते छापलेलं असतं. ३० लिहिलं असेल तर त्याही गेल्या. सीलबंद आहेत म्हणून जीव गुंतवू नका.

मग द्यायचं काय? मीटर. स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून, नवा सेल घालून. सोबत त्याच मीटरला लागणाऱ्या स्ट्रिप्सचा एक नवा डबा विकत घेऊन द्या, आणि टोचायचं नवं यंत्र. पैसे थोडे जातील, पण मावशींच्या घरी खरंच काहीतरी पोचेल.

देण्याआधी मीटर एकदा चालू करून बघा. बऱ्याच मीटरमध्ये जुने आकडे तारखेसकट राहतात. हवे तर वहीत उतरवून घ्या, घाई नाही. मावशी दोन दिवस थांबतील.

— माई