सप्ताहात विज्ञानाचा मास्तर?

प्रश्न : सप्ताहात एक रात्र विज्ञानाच्या मास्तरला बोलवू म्हटलं, तर बुवा बिघडले. म्हणे, देवाच्या मांडवात हे कशाला? असं कुठं होते का जी? – एक वाचक, दर्यापूर तालुका

उत्तर : होते नं जी! स्कॉटलंडचे न्यायाधीश ॲडम गिफर्ड १८८७ साली वारले. तिथल्या चार विद्यापीठांना व्याख्यानांसाठी त्यांनी मृत्युपत्रात ८०,००० पौंड ठेवले. इच्छा अशी की, ईश्वरविद्या खगोल-रसायनशास्त्रासारखीच तपासावी. वक्त्याचा धर्म विचारू नये, नास्तिकही चालेल. १८८८ पासून ती व्याख्यानं होतात. १९८५ मध्ये ग्लासगोत खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन बोलले. बुवांना हे सांगा, पण चहा पाजून. अन् मास्तरला अर्ध्या तासात आटपायला लावा. दिवसभर कापूस वेचलेला माणूस मांडवात बसला की पेंगतेच.