रोजच्या बायबल वाचनाची सुरुवात गोष्टीपासून करावी
उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून क्रमाने वाचू लागलेल्या अनेकांची गाडी लेवीय पुस्तकातील यज्ञविधींपाशी अडते (माझीही दोनदा अडली), म्हणून आपण आरंभ रूथ या पुस्तकाच्या ४ अध्यायांपासून करावा. रोज एक अध्याय मोठ्याने वाचून पुस्तक मिटावे आणि तो प्रसंग घरातील कोणाला तरी स्वतःच्या शब्दांत सांगावा. पती व दोन्ही पुत्र गमावलेली नामी मवाबातून बेथलेहेमला निघते तेव्हा तिची सून रूथ मागे का फिरत नाही, हे सांगताना आपणही त्या वाटेवर क्षणभर थांबतो. मात्र पात्रांच्या तोंडी मजकुरात नसलेले शब्द घालू नयेत. रूथ वेचते तो सरवा (कापणीनंतर शेतात मागे राहिलेली कणसे) हा लेवीय १९ मधील नियमानुसार गरिबांचा हक्क होता, हे उमगले की ते रुक्ष वाटलेले पुस्तकही बोलू लागते. पुढे मार्कच्या शुभवर्तमानाचे, म्हणजे येशूच्या जीवनकथेचे, १६ अध्याय घ्यावेत.